नको म्हणजे नको

"चला, उठा. या घरात आग्रहाची पद्धत दिसत नाही," नवरदेवाचे मामा पाट सरकवत म्हणाले. सुपारी फुटायची अजून बाकी होती.

शालनबाई हातात जिलेबीची परात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. हवं तेवढंच घ्यायचं, ताटात काही टाकायचं नाही, हा त्यांच्या घरचा रोजचा नियम. म्हणून त्यांनी पुरी, भाजी, जिलेबी, सगळं एकदाच विचारलं होतं. पाहुणे "नको, नको" म्हणाले आणि त्या पुढे सरकल्या. थोरलीच्या लग्नात आग्रह करकरून वाढलेलं अन्न मांडवामागं सडताना त्यांनी बघितलं होतं.

"आई, कर ना गं थोडा आग्रह," दारातून लेक रडवेली होऊन म्हणाली. "माझं लग्न मोडेल."

शालनबाईंचं डोकं सणकलं. एवढा बाप्या माणूस, आणि भूक लागली तर तोंड उघडता येत नाही? त्यांनी मामांपुढेच फतकल मारली.

"मामा, तुम्ही नको म्हणालात, मी ते खरं धरलं. पण उकिरड्यासाठी मी वाढणार नाही. जिलेबी हवी का नको? पोटाला विचारून सांगा."

मामांचे कान लाल झाले.

"हवी," ते कसेबसे म्हणाले.

"मलापण वाढा हो!" शेजारून नवरदेवाच्या आईनं ताट पुढं केलं आणि भावाकडं वळून ती करवादली, "मेल्या, तुझ्या मानपानापायी मी अर्ध्या पोटी उठले असते."