घरची चिठ्ठी

“लिही गं. ‘बाबांना बरं आहे.’ एवढंच तर लिहायचं असतं,” हिम्मतराव म्हणाले. कॅलेंडरचं फाडलेलं पान पालथं करून त्यांनी ते मुलीच्या ताटाशेजारी ठेवलं.

अलका हैदराबादेतल्या आबिड्स भागातल्या ऑफिसातून नुकतीच आली होती. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले होते आणि पंधरा वर्षं करत आलेलं काम तिला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत होतं. तिने पान बाजूला सरकवलं.

“कालच्यासारखं दुखत नाही ना?”

“काल पित्त होतं.”

“पित्त डाव्या हातात उतरत नाही, बाबा. उद्या नका जाऊ. डॉक्टरांकडे जाऊ आपण.”

“नक्को!” हिम्मतराव हसले. “नोकरीत होतो तेव्हा सिमेंटला परमिट लागायचं. आता दुकानात पोत्यांच्या थप्प्या लागल्यात, आणि मला म्हणते घरी बस. तू चिठ्ठी दिली नाहीस, तर तो अविनाश मला बायकांत कोथिंबीर निवडायला बसवील. रेल्वेचे पूल बांधलेत मी.”

हिम्मतराव ज्या गटाबरोबर जायचे, तो सिकंदराबादच्या मराठी चर्चमधल्या दहा-बारा जणांचा होता. कुणी रेल्वेतून निवृत्त झालेले, कुणी सुतार, कुणी नुसतेच हौशी. शनिवारी सकाळी गटप्रमुख अविनाश गायकवाडच्या टेम्पोतून खेड्यात जायचं आणि तिथल्या लोकांबरोबर त्यांचं चर्च बांधायचं. जेवण त्यांचं, मजुरी नाही. याला ते काम म्हणत नसत, सेवा म्हणत. साठीपुढच्या माणसाला मात्र बरं असल्याची घरची चिठ्ठी आणून अविनाशला द्यावी लागे. दोन वर्षांपूर्वी एक आजोबा शिडीवरच घेरी येऊन बसले, तेव्हा पाळकांच्या पत्नीने हा नियम घातला होता. म्हातारे आपल्या तब्येतीबद्दल खोटं बोलतात, घरचं माणूस बोलत नाही, असं पाळकीणबाईंचं म्हणणं होतं.

भाजी निवत चालली होती. हिम्मतरावांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं आणि धरूनच ठेवलं. अलकाने दर शुक्रवारी लिहायची तेच तीन शब्द लिहिले, खाली सही केली आणि भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी विकाराबादच्या पुढच्या एका खेड्यात स्लॅब होती. स्लॅब सुरू केली की मध्येच थांबवायची नसते. थांबली तर तिथे सांधा राहतो आणि सांध्यातून पाणी गळतं. म्हणून सगळे रांगेत उभे राहतात आणि काँक्रीटचं घमेलं हातोहात वर जातं. हिम्मतराव शिडीच्या पायथ्याशी होते. अकराच्या सुमाराला त्यांनी एक घमेलं वर दिलं. वरच्याने ते घेतलं, आणि यांचे हात तसेच वर राहिले. हे सगळं अलकाला नंतर कळलं. स्लॅब अर्धी राहिली, हेही.

“सेवा करता करता गेले. असं मरण यायला भाग्य लागतं,” दफनविधीनंतर लोक म्हणाले. तिने मान हलवली. चार दिवसांनी अविनाशच्या बायकोने कपड्यांचं गाठोडं आणून दिलं. त्यात थापी होती, चष्मा होता, रुमाल होता. अलकाने सदऱ्याचा खिसा दोनदा तपासला. चिठ्ठी नव्हती. म्हणजे ती अविनाशकडे पोचली होती. आज ना उद्या तो ती चारचौघांत काढणार, असं धरून तिने पाच आठवडे काढले. प्रत्येक रविवारी ती शेवटच्या बाकावर बसली आणि उपासना संपताच घरी गेली.

सहाव्या रविवारी चर्चच्या पंचांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. ज्येष्ठ पंच हणमंतराव उभे राहिले.

“अविनाश, चिठ्ठीचा नियम होता की नव्हता?”

“होता.”

“मग हिम्मतरावांची चिठ्ठी कुठंय?”

अविनाशचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. तिथे क्षणभर थांबला आणि खाली आला.

“मागायची राहिली.”

“राहिली?” हणमंतरावांचा आवाज चढला. “सहासष्ट वर्षांचा माणूस उन्हात उभा करतोस, अन् चिठ्ठी राहिली? तुझा बाप असता तर राहिली असती?”

“चूक माझी आहे.”

“मग आजपासून गट बंद. पुन्हा कुणाच्या म्हाताऱ्याला हात लावायचा नाहीस तू.”

“तेवढी स्लॅब पुरी करू द्या, काका. ती माणसं अर्ध्या छपराखाली बसतात.”

“बसू देत.”

पाळकीणबाई पदराने डोळे टिपत होत्या. बारा वर्षं ज्याच्या टेम्पोत लोक दाटीवाटीने बसत आले होते, त्याच्या बाकावर आज दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. अविनाश खाली बसला. बसताना त्याने एकदाच मागे वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. बोलू नकोस, असं. तेव्हा अलकाला कळलं, की चिठ्ठी त्याच्या खिशातच आहे आणि तिच्यावर ठपका येऊ नये म्हणून तो ती काढत नाही.

ती उभी राहिली.

“बस गं पोरी,” शेजारची बाई तिचा हात धरून म्हणाली. “तुला आणखी कशाला त्रास?”

अलकाने हात सोडवून घेतला.

“चिठ्ठी होती,” ती म्हणाली. “अविनाशदादांच्या खिशात आहे. अक्षर माझं आहे.”

तिला वाटलं होतं, आवाज फुटणार नाही. पण तो स्वच्छ आला, शेवटच्या बाकापासून पहिल्या बाकापर्यंत.

“बाबांना बरं नव्हतं. मला माहीत होतं.”