भगवंतरावांची गादी

"बोला," परीक्षक म्हणाले. "रोग्याला आधी सांगायचं, मग हात लावायचा."

कोकिळेने पदर खोचला. समोर पलंगावर भगवंतराव उताणे पडले होते. त्यांच्या अंगात स्वच्छ सदरा होता, कमरेला धोतर होतं आणि पोटात सरकी काढायच्या जिनातून आणलेला कापूस. डोकं म्हणजे एक उशी. मेहकरच्या या वृद्धसदनात सेविकांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा वर्ग घेणाऱ्या अन्नपूर्णाबाईंनी शिकवण्यासाठी हा रोगी शिवून घेतला. बिननावाच्या माणसाला अहो-जाहो कसं करणार, म्हणून नावही त्यांनीच ठेवलं.

तेव्हापासून सदनात भगवंतरावांसारखी बडदास्त कोणाचीच नव्हती. रोज त्यांचं अंग ओल्या फडक्याने पुसलं जाई आणि मग त्यांना उन्हात वाळवलं जाई. हाडावर भार पडून कातडीखालचं रक्त थांबू नये, म्हणून थोड्या थोड्या वेळाने त्यांची कूस बदलली जाई. पेज भरवून भरवून त्यांच्या उशीला मुंग्या लागल्या, तेव्हा रोगी अंग खाजवत कसा नाही, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. समितीचे अध्यक्ष नारायणराव फेरीला आले की पहिली विचारपूस त्यांचीच करत. सदनात जाड गादी एकच होती. ती परीक्षेच्या पलंगावर हवी असा नियम होता, म्हणून तीही भगवंतरावांखालीच.

शेजारी सुंभाच्या बाजेवर सतरंजी टाकून इंद्रभान पडलेला असे. जिनातला जुना हमाल. डाव्या अंगावरून वारं गेलेलं.

"त्या गठ्ठ्याचं नाव माह्यासमोर घेऊ नको," तो कोकिळेला म्हणे. "असे कितीक भगवंतराव म्या पाठीवर वाह्यले. अन् मले इंद्रभान म्हनत जाय. साऱ्या तालुक्यात दुसरा नाही."

त्याच्याशी ती खूप बोलायची. कापसाशी बोलायची वेळ आली की मात्र तिची जीभ टाळूला चिकटे. वर्गातल्या बाकीच्या बायका भगवंतरावांना सुनांची गाऱ्हाणीसुद्धा सांगायच्या. आज पास झाली तर इथेच नोकरी आणि राहायला खोली. नाही झाली तर मोताळ्याला भावाच्या घरी. तिथून ती पेटी घेऊन निघाली, तेव्हा कोणी थांब म्हटलं नव्हतं.

"बाई, रोगी वाट बघतोय," परीक्षक म्हणाले.

"कोकिळे," बाजेवरून आवाज आला. "सकाळपासून याच कुशीवर हाय. खुबा जळून राह्यला."

सकाळपासून सगळं सदन भगवंतरावांना परीक्षेसाठी तयार करण्यात गुंतलं होतं. कोकिळा बाजेकडे गेली. खुब्यावर सुंभाचे वळ होते आणि मधोमध लाल डाग. तिने त्यावर बोट दाबून उचललं. कातडी क्षणभर पांढरी पडायला हवी होती. ती लालच राहिली.

"बाई, परीक्षा या पलंगावर आहे," परीक्षक म्हणाले.

"हाव जी."

ती परत आली आणि तिने भगवंतरावांच्या बगलेत हात घातले.

"सांगितलं रोग्याला?"

कोकिळा थांबली. दाराशी उभ्या अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग कोकिळा उशीपाशी वाकली.

"भगवंतराव, जरा उठा जी. तुमाले इथं लय दिवस झाले. इंद्रभानकाकाले गादी पायजे."

तिने त्यांना उचललं. सवयीने मानेखाली हात दिला आणि खुर्चीत बसवलं. अन्नपूर्णाबाई बाजेच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, आता तुमाले उचलून राह्यलो आमी. चांगला हात माह्या खांद्यावर टाका. आता कूस बदलून राह्यली. आता गुडघ्यांत उशी देऊन राह्यली. दुखते का?"

"नाही व माय," इंद्रभान म्हणाला. गादीत त्याचं अंग हळूहळू सैल पडलं.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "पद्धत निर्दोष आहे. पण परीक्षा मंडळाने मंजूर केलेला रोगी भगवंतराव. दुसऱ्या कोणाची सेवा केलेली असेल, तर मला नापास करावं लागेल." ते पलंगावर वाकले. "आजोबा, आपलं नाव काय?"

इंद्रभानने खुर्चीतल्या उशीकडे पाहिलं. मग कोकिळेकडे पाहिलं. तिने कोपऱ्यातल्या आपल्या पेटीकडे जायला पाठ वळवली होती.

"भगवंतराव," तो म्हणाला.