सेरेइमाआत्याचा वार

"आत्या, फसवणूक निघाली तर गेमच्या स्पर्धेचा कप विल्यामेला जाणार. आणि तुम्ही सर्व्हरवरून कायमच्या बाहेर," पेनी म्हणाला.

"बरं," सेरेइमाआत्या म्हणाल्या आणि तळलेला कसावा तोंडात टाकला.

फिजीतल्या सुवा शहरातला हॉल खचाखच भरलेला. मधोमध याकोनाचं, सगळ्यांनी मिळून प्यायच्या मुळांच्या पेयाचं, भांडं. फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर बसणाऱ्या बावन्न वर्षांच्या बाईनं सात जणांना लोळवून कप नेला, हे विल्यामेला पचत नव्हतं. फायनलला तोच हरला होता.

"तिचा वार दिसतच नाही! कधी फटका बसतो कळत नाही, मी थेट लाव्हात. ताकद वाढवून घेतलीय तिनं."

"तुला स्वतःचं नाक तरी दिसतं का?" पेनी म्हणाला. दोघं आतेमामेभाऊ, टोमणे मारणं हा त्यांचा हक्कच.

सर्व्हर पेनीचा. त्यानं प्लगइन, म्हणजे गेमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहिलं. कुणी कुणाला मारलं की सर्व्हर तसं कळवतो. ते पकडायचं, कोणी मारलं, किती जीव गेला, लिहून ठेवायचं.

परत सामना. तोच लाव्हावरचा अरुंद पूल. विल्यामे तलवार उपसून धावला. अकरा सेकंदांत मेला.

प्लगइनची यादी कोरी.

"वा रे पंडित! तुझ्या कोडलाही वार दिसेना!"

पेनी विल्यामेला म्हणाला, "मला एक मार." मारला, लगेच नोंद झाली. म्हणजे प्लगइन चालू होतं. पण ते फक्त खेळाडूनं खेळाडूला केलेला वारच पकडत होतं. बाण, आग, पडणं, सगळं सुटत होतं. त्यानं ओळ बदलली: जीव कशानंही जाऊ दे, कारण लिही.

आणखी तीन सामने. विल्यामे तीनदा मेला.

पेनी उभा राहून वाचायला लागला. "लाव्हा. लाव्हा. लाव्हा. आत्यांचे वार, शून्य. बाण, शून्य. तू बैलासारखा धावत येतोस, त्या बाजूला सरकतात, तू सरळ खाली!"

हॉल हसून लोळला. मग हातांची ओंजळ करून मानाच्या टाळ्या, धप्प, धप्प, धप्प. विल्यामे स्वतः कप घेऊन आत्यांसमोर मांडी घालून बसला.

"माफ करा आत्या. एकही वार न करता पाच वेळा मारलंत मला. हा डाव सुचला कसा?"

आत्यांनी कप मांडीवर घेतला. पेनीला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "वार करायचं बटण कुठलं रे?"