वाचून दाखवू का?

"हे डायपरचं पुडकं माझं नव्हे," नलिनीबाई म्हणाल्या.

"दर महिन्याला जातं ना, माजी. पैसे आलेत त्याचे." चंद्रप्रकाश शेठनं मान वर न करता कार्डासाठी हात पुढे केला.

नलिनीबाईंनी कार्ड दिलं. यंत्रानं कागद ओकला. पिशवीत अहळीव, खारीक, सुकं खोबरं, तुपाची बरणी. आणि सगळ्यांवर ते पुडकं, त्यावर हसरं बाळ. पिशवी तिथेच घाटकोपरात, मागच्या गल्लीत जान्हवीकडे जायची होती. कुणी पाठवली ते सांगायचं नाही, अशी तंबी त्यांनी शेठला पहिल्याच महिन्यात दिली होती.

कुणा दुसऱ्याच्या पोराचं पुडकं शेठ चुकून आपल्या पिशवीत घालतो, हे त्यांच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. पण भांडायला जावं तर नाव-गाव निघणार. म्हणून गप्प राहिल्या. कुठलंतरी बाळ ओलं निजतंय आणि आपण फुकटचं घेतोय, हे मात्र दर महिन्याला टोचायचं. आज तोंड उघडलं, तेही अर्धंच.

जान्हवी त्यांची पोटची पोर. साखरपुडा चार दिवसांवर, गावची माणसं घरात उतरलेली, आणि ही बया कचेरीत जाऊन दुसऱ्याशीच लग्न करून मोकळी. "मला मुलगी नाही," नलिनीबाईंनी भांडुपची अख्खी चाळ ऐकेल असं सांगितलं होतं. पुढे सुनेनं, मुलाच्या, निलेशच्या बायकोनं, अक्षतानं, एकदा गुपचूप जान्हवीला फोन केला, तर तिलाही सोललं. "तिचं नाव घेशील तर तूही चालती हो." अक्षतानं पुन्हा ते नाव काढलं नाही.

मग शेजारच्या कुंदानं बातमी आणली. जान्हवीला मुलगा झाला. बाळंतिणीकडे बघायला कुणी नाही.

त्याच सुमारास अक्षतानं कार्डाचा फॉर्म पुढे केला होता. "आई, दर वेळी निलेशकडे मागायला नको. इथे सही करा. अटी वाचून दाखवू का?"

"मला शिकवतेस गो? तीन यत्ता झाल्यात माझ्या. कार्डावर नाव माझं ना? मग कार्ड माझं. त्यात वाचायचंय काय?" आणि नलिनीबाईंनी ठसठशीत सही ठोकली.

महिना भरला की अक्षता आकडा सांगे, नलिनीबाई पेन्शनमधून तेवढे काढून देत. आकड्याला काही दुकानाचं नाव नसतं.

घरी सांगायच्या, मंगळवार आहे, मुलुंडच्या देवीला जाऊन येते. मुलुंड एकीकडे, घाटकोपर दुसरीकडे. देवीला सगळं दिसत असणार.

बसमधून उतरून चाळीचा जिना चढल्या, तर चहाला उकळी आलेली. अशा मंगळवारी त्या लवकर येवोत, उशिरा येवोत, चहा अगदी वेळेवर. धाक आहे सुनेला, असं त्या मानून होत्या. आज मात्र त्यांनी कप तसाच खाली ठेवला. एका फोनसाठी जिला फाडून खाल्लं, तिच्याच हातचा चहा पितोय. आणि आपण काय करतोय? तेच, वर देवीचं नाव पुढे करून.

त्यांनी कार्ड काढून ओट्यावर आपटलं. "हे घे. कात्रीनं काप."

"काय झालं, आई?"

"नको मला. पापाचं आहे ते."

अक्षतानं हात पुसले. खणातून घडी केलेला कागद काढला. "कापायच्या आधी तरी अटी वाचून दाखवू का?"

"वाच," नलिनीबाई म्हणाल्या.

अक्षता वाचत गेली. वर्षाची फी, भरण्याची तारीख, उशीर झाला तर व्याज. मग एका जागी ती थांबली आणि पुढचं कागदाकडे न बघताच बोलली. "हे पूरक कार्ड आहे. त्यावर केलेल्या प्रत्येक खरेदीचा संदेश, दुकानाच्या नावासह, मूळ कार्डधारकाच्या मोबाइलवर तत्काळ जाईल."

"तत्काळ म्हणजे?"

"तिकडे कार्ड यंत्रात गेलं की लगेच."

नलिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे निलेशला... इतके महिने..."

"निलेशला नाही. मूळ कार्ड माझं आहे, आई."

अक्षतानं कार्ड उचललं, ओट्यावरचं पाणी लागलं होतं ते पदराला पुसलं आणि सासूच्या पाकिटात परत सरकवलं.

"पुढच्या महिन्यापासून शेठना मधल्या मापाचं पुडकं घालायला सांगितलंय," ती म्हणाली. "लहान आता आवळतं त्याला. काल मांडीवर घेतला, तर जांघेत वळ उठले होते."