जॅकखालची पाटी

ट्रेलरचं नाक पुन्हा काळ्या मातीत रुतलं. चाकांना दगड लावून झाले होते, पण पुढच्या जॅकचा लोखंडी पाय काही ठरेना. खाली विटा दिल्या, त्यांचा भुगा झाला. हे चाकांवरचं घर आज स्वतःच्या प्लॉटवर सरळ उभं राहिलं नाही, तर सगळी कॉलनी फिदीफिदी हसणार, हे दीक्षाला पक्कं ठाऊक होतं. ती आत गेली आणि नावाची जाड सागवानी पाटी घेऊन आली.

“ही काहून आणली वं?” तिचा नवरा धम्मानंद ओरडला. “दारावर लावाले बनवली होती ना!”

“दार कोणी देलं काय आपल्याले? आडनाव ऐकलं का खोली भरून जाते. टाक खाली. अक्षरं वर ठेव.”

जॅक पाटीवर टेकला. धम्मानंदनं दांडा फिरवला, नाक वर आलं, ट्रेलर सरळ झाला. दोघांनी आत जाऊन धपाधप उड्या मारून पाहिल्या. काही म्हणता काही हललं नाही.

तेवढ्यात समोरच्या बंगल्यातले मधुसूदन काका येऊन उभे राहिले. दिवाळीआधी यांनीच या दोघांना आडनाव ऐकून खोली नाकारली होती. दीक्षाचा चेहरा त्यांना आठवला नाही. तेव्हा त्यांनी चेहरा पाहिलाच कुठं होता?

“नवीन दिसता. आडनाव काय आपलं?”

दीक्षा दारातूनच म्हणाली, “जॅकखाली लिहून आहे, काका. वाकून वाचा.”

काका वाकले.