करडईवरचा मावा

कोकिळा शेतकी साहेबांच्या टेबलासमोर उभी होती. धामणगाव बढ्याच्या त्या कचेरीवर अजून मुंबई राज्याचीच पाटी होती.

"बसा ना बाई," शालिग्राम साहेब म्हणाले. "तुमचा मावा तपासून झाला."

ती बसली नाही. मागच्या बाजाराला तिनं त्यांना रस शोषणाऱ्या माव्यानं बुजबुजलेले करडईचे शेंडे आणून दिले होते. सोबत पदरात बांधलेले मेलेले किडे, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. हे किडे मावा खातात आणि पीक राखतात, एवढं तिला ठाऊक होतं. राखणदारच मरून पडले म्हणजे करडईवर कोणीतरी विष मारलं, हे कळायला काही शाळा लागत नाही. आणि त्याच करडईची कोवळी भाजी तिचा दीर हिंमतराव रोज खुडून घरी आणत होता.

नवरा वर्षापूर्वी गेलेला. मूलबाळ नाही. जमीन तिच्या नावावर. बाईमाणसानं घाबरायला आणखी काय लागतं? भाजी ती गुपचूप उकिरड्यावर टाकायची.

आज सकाळी तर तिची पाचावर धारण बसली. हिंमतराव भाजी घेऊन थेट चुलीपाशी आला.

"वयनी, आज माह्या डोयासमोर खा. तुमी जेवत नाही, मले समजते."

"आधी तुमची न्याहारी तं बांधू द्या," ती कशीबशी म्हणाली.

न्याहारी घेऊन तो शेतात गेला, आणि ती तडक इकडं आली.

"तुमच्या शेतात विष नाही," साहेब म्हणाले.

"मंग किडे काऊन मेले?"

"तुमचा मावा मी माझ्या अंगणातल्या करडईवर वाढवला. तिथं औषधाचा थेंब नाही. तरी तो मावा खाऊन नवे किडेही मेलेच. माझा अंदाज असा, की माव्याच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. मावा त्यांना पोसतो, ते त्याला खाणाऱ्याला मारतात. पानांत काही नाही. काल तुमच्याच शेतातली भाजी मागवून, धुऊन मी स्वतः खाल्ली."

साहेबांनी मेलेल्या किड्यांची पुडी तिच्यापुढं सरकवली.

"साप साप म्हणून भुई धोपटलीत, बाई. परवा तुमचे दीर इथं येऊन गेले. वहिनी खात नाही, झुरत चालली, बुलढाण्याला मोठ्या डॉक्टरकडं नेऊ का, विचारत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

कोकिळानं खिडकीबाहेर पाहिलं. ऊन चांगलंच वर आलं होतं. हिंमतरावानं शेतात न्याहारीचं फडकं सोडायची वेळ टळून गेली होती.

"साहेब," ती म्हणाली, "कपाशीच्या किडीवर मारायचं एंड्रीन कोणाच्या पोटात गेलं, तं त्याच्यावर उतारा काय असते?"