चाफ्याखालची कबर

महाडहून आईचा जनाजा घेऊन अँब्युलन्स निघाली होती, आणि कबर खणायला आलेली माणसं कुदळी टेकून सोहेलकडे बघत होती. "मला माझ्या आयजवळ ठेव," एवढंच ती जाताना म्हणाली होती. पण नानीची कबर कुठली, हे निम्मं आयुष्य कुवेतला काढलेल्या सोहेलला ठाऊक नव्हतं. पोलादपूरजवळच्या या वाडीत आजोळचे एकटे झकेरियाचाचा उरले होते. काठी टेकत ते कबरस्तानाच्या त्या मोकळ्या, सपाट जागेत फिरले. "तुजी नानी चाफ्याखाली हाय. तिचा बाप फणसाकडं. आणि तुज्या आयचा भाऊ, पाळण्यात गेलेला, तो करवंदीच्या जाळीशी." आईला भाऊ होता, हेच सोहेलला आज कळत होतं. "पण चाचा, चाफा कुठाय?" "नाय रे आता. फणस नाय, जाळी नाय. आमी झाडावरनंच कबर वळखायचो." "अल्लाच्या वास्ते आठवा! कुणी तोडली झाडं?" चाचांनी काठीनं कबरस्तानाभोवतीच्या नव्या भिंतीकडे दाखवलं. "तुज्या पैशाची भिंत बांधून झाली, मग जेसीबी फिरवला. तुला फोटो पाठवायचा होता ना रे. जागा साफ दिसाया पायजे." तो फोटो सोहेलला आठवला. त्याखाली त्यानं 'माशाअल्लाह' लिहून पाठवलं होतं. वळणावर अँब्युलन्सचा हॉर्न वाजला. "सोहेलभाय, खणायचं कुठं?" कुदळवाल्यांपैकी एकानं विचारलं. सोहेलनं फाटकाकडे पाहिलं. भिंतीवरच्या संगमरवरी पाटीत देणगीदार म्हणून त्याचं नाव कोरलेलं होतं. अख्ख्या कबरस्तानात लिहिलेलं नाव तेवढं एकच होतं.